नकाशावरून पुसलेलं गाव

मित्रांनो, सहल ठरली की आपण आधी तीन गोष्टी विचारतो. गाडी किती वाजता? डबा काय न्यायचा? आणि तिथं पाहण्यासारखं काय आहे? आज आपण जिथं निघालोय, तिथं कुठलीही गाडी जात नाही. डबा तर तिथं अजिबात उघडायचा नाही. आणि तिथली जी मुख्य गोष्ट पाहायची आहे, ती नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही!

तुम्ही म्हणाल, ही कसली सहल? तर ऐका. या गावाचं नाव आहे विटनूम. ते ऑस्ट्रेलियात आहे. म्हणजे, होतं. एकेकाळी तिथं घरं होती, शाळा होती, हॉटेल होतं, घोड्यांच्या शर्यतींचं मैदान होतं. 2007 साली सरकारने गाव म्हणून असलेली त्याची नोंदच रद्द केली. सरकारी नकाशांवरून नाव गेलं. रस्त्यावरच्या पाट्यांवरूनही गेलं. धरणात बुडालेली गावं तुम्ही ऐकली असतील. पण कोरड्या जमिनीवरचं गाव पुसून टाकावं लागलं, असं कधी ऐकलंय?

आधीच सांगून टाकतो, मी स्वतः तिथं गेलेलो नाही, आणि जाणारही नाही. फोटो, नकाशे, तिथं राहून गेलेल्या माणसांच्या आठवणी आणि डॉक्टरांचे अहवाल यांच्या मदतीनेच आपण जाऊन येणार आहोत. अंथरुणात पडून केलेला प्रवास म्हणा हवं तर. चला तर मग!

सुरुवात करू पर्थ शहरापासून. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे मोठं शहर. इथून विटनूम रस्त्याने सुमारे 1400 किलोमीटर, म्हणजे जवळजवळ मुंबई ते दिल्ली. पण आपल्याकडे एवढ्या अंतरात किती गावं लागतात, किती चहाच्या टपऱ्या लागतात! इथं तासन् तास काहीच लागत नाही. लाल माती, काटेरी गवताचे गोल गोल पुंजके आणि पांढऱ्या बुंध्याची झाडं. मध्येच तीन-चार डबे जोडलेला राक्षसी ट्रक धुरळा उडवत जातो. उन्हाळ्यात, म्हणजे आपल्याकडे नाताळ असतो तेव्हा, पारा 40 च्या वर.

या भागाला पिलबारा म्हणतात. इथले दगड लाल का? लोखंडामुळे. सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वी इथं समुद्र होता आणि त्याच्या तळाशी लोहयुक्त गाळाचे थरांवर थर साचले. आज त्याच थरांतून लोहखनिज काढतात आणि दोन-दोन किलोमीटर लांबीच्या आगगाड्या ते बंदराकडे नेतात. थरांमधून पाण्याने कापत कापत खोल घळी तयार झाल्या आहेत. आपली सांधण दरी पाहिलीय ना? तशा, पण लालभडक. जवळच कारिजिनी नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या घळी पाहायला जगभरातून माणसं येतात. तिथं खुशाल जावं.

पण त्या उद्यानाच्या उत्तरेला एक रस्ता फुटतो आणि थोड्याच वेळात मोठाल्या पाट्या दिसू लागतात. धोका. पुढे जाऊ नका. इथल्या हवेत, मातीत ॲस्बेस्टॉसचे तंतू आहेत.

थांबा! पावलांनी इथवरच. इथून पुढे फक्त मनाने चालायचं.

समोर विटनूमची घळ आहे. लाल कड्यांच्या मधोमध एक ओढा. आता कड्याकडे नीट बघा. लाल-तपकिरी थरांच्या मध्ये निळसर करड्या रंगाच्या पट्ट्या दिसतात. कुठे बोटाएवढ्या, कुठे त्याहून बारीक. एखाद्या लुगड्याला निळे काठ असावेत तशा. हाच तो निळा ॲस्बेस्टॉस. दिसायला दगड, पण नखाने खरवडला तर त्याचे धागे निघतात! मऊ, रेशमासारखे. कापूस पिंजावा तसा हा दगड पिंजता येतो.

आहे की नाही जादू? शिवाय हा धागा जळत नाही. आम्लाने सहसा खराब होत नाही. ताणला तर चिवट. 'ॲस्बेस्टॉस' या ग्रीक शब्दाचा अर्थच 'न विझणारा'. गेल्या शतकात तर माणसाला याचं वेडच लागलं. बॉयलरभोवती गुंडाळायला ॲस्बेस्टॉस, जहाजात ॲस्बेस्टॉस, गाड्यांच्या ब्रेकमध्ये ॲस्बेस्टॉस, सिमेंटमध्ये मिसळून छपराच्या पत्र्यांत आणि पाण्याच्या पायपांत ॲस्बेस्टॉस.

दुसरं महायुद्ध चालू असताना, 1943 साली, एका मोठ्या कंपनीने या घळीतल्या खाणीचं काम हाती घेतलं. युद्धानंतर घळीपासून दहा-बारा किलोमीटरवर गाव वसवलं. इटलीसारख्या देशांतून युद्धाने कंगाल झालेली माणसं बोटीने इथं आली. पगार चांगला होता. खाण 1966 पर्यंत चालली. एवढ्या काळात सुमारे 7 हजार कामगारांनी तिथं काम केलं आणि बायकामुलं धरून 20 हजारांच्या आसपास माणसं गावात राहून गेली.

खाणीतल्या पट्ट्या उंचीला कमी. त्यामुळे माणसं वाकून, कधी गुडघ्यांवर बसून दगड फोडायची. मग तो दगड गिरणीत जायचा. तिथं भरडून धागा वेगळा करायचा. आपल्या पिठाच्या गिरणीत भिंतींवर, दिव्यावर, गिरणीवाल्या काकांच्या भुवयांवर पीठ बसलेलं असतं ना? अगदी तसंच. पण ते पीठ नव्हतं.

धागा काढून झाला की उरायचा चुरा. किती? सुमारे 30 लाख टन! त्याचे ढीग आजही घळीत पडून आहेत. त्यातलाच काही चुरा गावात आणला गेला. का, तर पिलबाराची लाल धूळ फार उडते. हा निळसर चुरा अंथरला की धूळ बसते, अंगण छान दिसतं. म्हणून तो रस्त्यांवर टाकला. घरांच्या अंगणांत टाकला. शर्यतीच्या मैदानावर टाकला. आणि मित्रांनो, शाळेच्या पटांगणातही टाकला.

त्या काळचे फोटो आहेत. मुलं त्या चुऱ्यात बसून खेळताहेत. आपण वाळूत किल्ला करतो तसं. एका फोटोत मोठी माणसं फावड्याने पिंपात चुरा भरायची शर्यत लावताहेत. चारी बाजूंना बघ्यांची गर्दी. कुणाच्याही चेहऱ्यावर भीती नाही. असेल कशी? भीती वाटण्यासारखं काही दिसतच नव्हतं!

आता जरा तुमच्या डोक्यावरचा एक केस उपटा. (शेजाऱ्याचा नको!) उजेडात धरा. त्याची जाडी असते साधारण 70 मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. निळ्या ॲस्बेस्टॉसचा तंतू चिरत चिरत 0.2 मायक्रॉन किंवा त्याहूनही बारीक होतो. म्हणजे तुमच्या त्या एका केसाच्या रुंदीत असे साडेतीनशे तंतू शेजारी शेजारी मावतील. सुईसारखे ताठ. इतके हलके, की हवेत तासन् तास तरंगतात.

साधी धूळ नाकात अडकते, खोकल्याने बाहेर पडते. ही सुई मात्र श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जाते. आपल्या शरीरात राखणदार पेशी असतात. त्या आल्यागेल्या जंतूला गिळून टाकतात. पण लांब तंतू त्यांच्या तोंडात मावत नाही. पेशी मरते, तंतू तिथंच. मग दुसरी येते, तिचंही तेच. वर्षानुवर्षं ही लढाई चालते आणि तिथं सूज, व्रण, कधी कॅन्सर होतो. फुप्फुसाच्या आवरणाचा एक कॅन्सर आहे, मेसोथेलिओमा. तो तंतू आत गेल्यावर 20 ते 50 वर्षांनी डोकं वर काढतो. म्हणजे विटनूमच्या अंगणात पाचव्या वर्षी खेळलेलं मूल पन्नाशीला आल्यावर आजारी पडणार!

आणि तसंच झालं. खाणीत कधी पाऊलही न ठेवलेल्या, फक्त लहानपणी त्या गावात राहिलेल्या माणसांनाही हा आजार झाला. विटनूममुळे आजवर दोन हजारांहून जास्त माणसं दगावली, असं सांगितलं जातं. दक्षिण आफ्रिकेतही निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. तिथं 1960 साली वॅग्नर नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 33 रुग्णांची हकिकत छापली, तेव्हा या आजाराचं आणि या दगडाचं नातं जगासमोर आलं. त्या रुग्णांतही खाणीत काम न केलेली, नुसती तिच्या आसपास राहिलेली माणसं होतीच.

गावाबद्दल एवढं पुरे. आता आपण दुसऱ्या मुक्कामाला जाऊ. जे दिसत नाही, ते शोधतात कसं? त्यासाठी एका प्रयोगशाळेत शिरू. ही मात्र अगदी सुरक्षित जागा आहे.

जिथली हवा तपासायची, तिथं आधी एक छोटा पंप नेतात. कामगाराच्या कॉलरपाशी, नाकाजवळ, त्याची नळी अडकवतात. नळीच्या टोकाला 25 मिलिमीटर व्यासाची पातळ गाळणी. रुपयाच्या नाण्याएवढी चकती समजा. पंप हवा ओढतो, हवेतले कण चकतीवर अडकतात. प्रयोगशाळेत त्या चकतीला ॲसिटोनची वाफ देतात. नखांचं पॉलिश काढायला वापरतात ना, तेच ॲसिटोन. त्याने पांढरी चकती काचेसारखी पारदर्शक होते. मग ती जाते मायक्रोस्कोपखाली.

हा मायक्रोस्कोप खास प्रकारचा असतो. पारदर्शक तंतू साध्या उजेडात दिसत नाही. पाण्यात पडलेली काच दिसत नाही, तसं. पण प्रकाशाची लाट तंतूतून जाताना किंचित मागे पडते. तेवढ्याच फरकाचं रूपांतर उजेड-अंधारात करायची युक्ती फ्रिट्स झेर्निके या डच शास्त्रज्ञाने शोधली आणि त्याबद्दल त्याला 1953 चं नोबेल पारितोषिक मिळालं. त्या युक्तीने तंतू काळ्या रेघेसारखा उठून दिसतो.

आता मोजणी. भिंगात एक वर्तुळ कोरलेलं असतं. त्याचा व्यास 100 मायक्रॉन. वर्तुळात जेवढे तंतू पडतील तेवढे मोजायचे. पण कुठलीही रेघ म्हणजे तंतू नव्हे हं! लांबी 5 मायक्रॉनहून जास्त हवी, जाडी 3 मायक्रॉनहून कमी हवी, आणि लांबी जाडीच्या निदान तिप्पट हवी. दोन्ही टोकं वर्तुळात असली तर एक गुण. एकच टोक आत असलं तर अर्धा. दोन्ही बाहेर असली तर शून्य. कबड्डीच्या पंचासारखं अगदी! मग चकती सरकवायची आणि पुढचं वर्तुळ. अशी शंभर वर्तुळं.

करून बघावंसं वाटतंय? पहिल्या दहा वर्तुळांना मजा येईल. साठाव्या वर्तुळाला डोळे चुरचुरतील. ती रेघ तंतू होती, की चकतीवरचा ओरखडा? हे दोन तंतू एकमेकांवर पडलेत, की एकच तंतू टोकाशी फाटलाय? एकच चकती दोन अनुभवी माणसांना दिली तरी दोघांचे आकडे वेगळे येतात. एकाच माणसाला सकाळी आणि संध्याकाळी दिली तरी वेगळे येऊ शकतात! शिवाय गंमत बघा. शंभर वर्तुळं मोजली, तरी सगळ्या चकतीचा साधारण पाचशेवा भागच पाहून होतो. बाकीची चकती तशीच राहते.

इथं आता माणसाच्या मदतीला कॉम्प्युटर आला आहे. ऑस्ट्रेलिया, जपान अशा देशांत कृत्रिम बुद्धिमत्तेला तंतू ओळखायला शिकवलं जातंय. शिकवतात कसं? अहो, आजी आपल्याला तांदूळ निवडायला शिकवते तसंच! आजी व्याख्या सांगत नाही. सूप पुढ्यात ठेवते आणि म्हणते, "हा बघ खडा. हा भात. हा नुसता तुटका दाणा, तो राहू दे." आधी आपण चुकतो. ती टपली मारते. शंभर वेळा टपली खाल्ली की आपला डोळा तयार होतो. मग खडा कसा ओळखला, हे आपल्यालाही सांगता येत नाही.

कॉम्प्युटरलाही असंच करतात. मायक्रोस्कोपला कॅमेरा जोडून हजारो फोटो काढतात. अनुभवी माणसं प्रत्येक फोटोत खुणा करतात, हा तंतू, हा धुळीचा कण, हा बुडबुडा. यंत्र अंदाज करतं. चुकलं की आतले आकडे जरा इकडेतिकडे सरकवतं. ही झाली त्याची टपली. लाखो टपल्या खाऊन ते शिकतं. एकदा शिकलं की त्याचे डोळे चुरचुरत नाहीत. साठावं वर्तुळ आणि सहाशेवं वर्तुळ त्याला सारखंच. त्यामुळे चकतीचा कितीतरी जास्त भाग पाहून होतो, आणि तोच फोटो पुन्हा दिला तर आकडाही तोच येतो.

मग काय, माणसाला सुट्टी? छे! या शिष्याच्याही खोडी आहेत. ज्या प्रकारचे फोटो पाहून ते शिकलं, त्याहून वेगळे फोटो आले, उजेड निराळा असला, धूळ जास्त असली, की ते गडबडतं. शिवाय जे फोटोतच नाही, ते त्याला कुठून दिसणार? या मायक्रोस्कोपमध्ये 0.2 मायक्रॉनहून बारीक तंतू साधारणपणे उमटतच नाहीत. त्यासाठी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. आणि रेघ दिसली तरी ती ॲस्बेस्टॉसची, की काचेच्या लोकरीची, की कापडाची, हे नुसत्या आकारावरून खात्रीने सांगता येत नाही. पत्र्याचा तुकडाच तपासायला आला, तर वेगळा, ध्रुवीभूत प्रकाशाचा मायक्रोस्कोप घेतात. ठरावीक तेलात बुडवलेला पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचा तंतू तिथं एका दिशेने जांभळट लाल दिसतो आणि आडवा फिरवला की निळा! असे रंग ओळखायलाही आता यंत्राला शिकवण्याचे प्रयत्न चालू आहेत.

आणखी एक पेच आहे. समजा, यंत्र दोन प्रकारे चुकू शकतं. एक, नसलेला तंतू 'आहे' म्हणेल. दोन, असलेला तंतू 'नाही' म्हणेल. यातली कुठली चूक जास्त वाईट? पहिल्या चुकीने कुणाचं तरी काम एक दिवस थांबेल. दुसऱ्या चुकीने कुणीतरी तो तंतू श्वासात घेईल आणि तीस वर्षांनी त्याला कळेल. म्हणून शंकेच्या जागा यंत्राने माणसाला दाखवायच्या आणि शेवटची सही माणसाने करायची, हे बरं.

आता मला सांगा, असं यंत्र त्या काळी विटनूमला असतं, तर ती माणसं वाचली असती का?

पटकन 'हो' म्हणू नका. आपण जरा मागे जाऊ, 1948 सालात. त्या वर्षी एरिक सेंट नावाचे एक डॉक्टर विमानाने फिरतीवर विटनूमला आले. खाण सुरू होऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती. त्यांनी गिरणीतली धूळ पाहिली, आणि सरकारी आरोग्य खात्याला लेखी कळवलं की हे असंच चालू राहिलं तर इथं फुप्फुसाच्या आजाराचं भयंकर पीक येईल. पुढे जिम मॅकनल्टी नावाच्या डॉक्टरांनी कामगारांच्या छातीचे एक्स-रे पाहून पुन्हा पुन्हा तेच सांगितलं. डॉक्टरांजवळ ना कॉम्प्युटर होता, ना शंभर वर्तुळं. धूळ डोळ्यांपुढे होती, आणि ती कशाची आहे हे त्यांना माहीत होतं.

तरी 1948 नंतर खाण आणखी 18 वर्षं चालू राहिली. 1966 मध्ये ती बंद झाली, तेव्हाही आजाराची काळजी हे एक कारण होतं, आणि दुसरं होतं की ती तोट्यात चालली होती! कंपनीने निष्काळजीपणा केला, हे न्यायालयाने मान्य करायला 1988 साल उजाडावं लागलं. ऑस्ट्रेलियात ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली ती 31 डिसेंबर 2003 ला.

म्हणजे बघा, विटनूमला डोळे कमी पडले नाहीत. ज्यांनी पाहिलं, त्यांचं ऐकणारे कान कमी पडले. यंत्र मोजेल, न थकता मोजेल. पण 'थांबवा' हा शब्द माणसालाच उच्चारावा लागतो. हे विसरू नका.

गावाचं पुढे काय झालं, तेही सांगतो. 1978 पासून सरकार लोकांना तिथून हलवू लागलं. काही जण हट्टाने राहिले. आपलं घर, आपली झाडं सोडवत नाहीत हो माणसाला. 2006 मध्ये वीज तोडली. 2022 मध्ये खास कायदा करून गाव बंद केलं, शेवटच्या रहिवाशालाही बाहेर काढलं, आणि 2023 मध्ये उरलेली घरं पाडली. आज तिथलं सुमारे 46,840 हेक्टर क्षेत्र दूषित म्हणून जाहीर केलेलं आहे. बोरिवलीचं आपलं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान चार वेळा ठेवलं तरी जागा उरेल एवढं! दक्षिण गोलार्धातली ही सर्वांत मोठी दूषित जागा मानली जाते.

ती जमीन मुळात बनजिमा नावाच्या आदिवासी लोकांची. खाण निघायच्या कितीतरी आधीपासून ते त्या घळीत राहत, पाण्याच्या काठी जमत. त्यांच्यातलेही अनेक जण या आजाराने गेले. त्यांची मागणी साधी आहे. चुऱ्याचे ढीग साफ करा, आम्हाला आमच्या घळीत जाऊ द्या. पावसात ओढ्याला पूर येतो, चुरा आणखी खाली वाहत जातो, आणि ते ढीग अजून तिथंच आहेत.

चला, आता परत घरी. पण घरी आल्यावर एकदा वर बघा.

आपल्याकडे शेडवर, गोठ्यावर, चाळीच्या गॅलरीवर, कितीतरी शाळांवरही करड्या रंगाचे, लाटा-लाटांचे सिमेंटचे पत्रे असतात. त्यांतल्या पुष्कळ पत्र्यांत पांढरा ॲस्बेस्टॉस असतो. साठाहून जास्त देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. आपल्या देशात मात्र पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे पत्रे अजूनही तयार होतात आणि विकले जातात. पांढरा असो की निळा, सगळ्या प्रकारांनी कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जानेवारी 1995 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कारखान्यांतल्या कामगारांबद्दल एक महत्त्वाचा निकाल दिला. प्रत्येक कामगाराच्या तब्येतीची नोंद निदान 40 वर्षं जपून ठेवा, असं त्यात बजावलं. चाळीसच का? आता तुम्हीच सांगू शकाल!

मी लहान असताना अशा पत्र्याचा फुटका तुकडा सापडला, की आम्हा पोरांना घबाड मिळाल्यासारखं वाटायचं. तो दगडावर घासघासून गोल करायचा आणि लंगडी-पाण्याची ठिकरी बनवायची. कौलाच्या ठिकरीपेक्षा ती छान सरकायची. घासताना उडालेली पांढरी भुकटी आम्ही फुंकर मारून उडवायचो. फुंकर मारायच्या आधी श्वास आत घ्यावा लागतो. विटनूमच्या मुलांचा तो फोटो पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मला आमची ठिकरी आठवली, आणि बराच वेळ काही सुचलं नाही.

घाबरून जाऊ नका. न फुटलेल्या, चांगल्या पत्र्यात तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. त्याच्याखाली बसलं म्हणून लगेच काही होत नाही. धोका आहे तो तंतू मोकळे होण्यात. म्हणून एवढं मात्र पाळा. पत्रा फोडायचा नाही, घासायचा नाही, त्याला भोक पाडायचं नाही. फुटक्या तुकड्यांशी खेळायचं नाही. तुकडे पडलेच असतील, तर कोरडा झाडू मारू नका, लगेच मोठ्यांना सांगा. आधी पाण्याने नीट ओलं करायचं, मग उचलायचं, आणि हे काम मोठ्यांनीच करायचं. आणि पत्र्यात ॲस्बेस्टॉस आहे की नाही, हे नुसतं बघून सांगता येत नाही, ते प्रयोगशाळाच सांगू शकते, हेही लक्षात ठेवा.

शाळेच्या मागच्या बाजूला फुटक्या पत्र्यांचा ढीग पडलाय? बाईंना सांगा. बाई म्हणाल्या, "बघू नंतर," तर चार जण मिळून पुन्हा सांगा. मुख्याध्यापकांना चिठ्ठी लिहा. डॉक्टर सेंटनीही चिठ्ठीच लिहिली होती. तेव्हा ती कुणी मनावर घेतली नाही. तुमची घेतली जाईपर्यंत लिहीत राहा.

आणि ठिकरीसाठी आपलं कौल काय वाईट आहे हो?